शेजाऱ्याचं रक्त

"बारक्याचे ओठ जांभळे पडलेत. ये."

काकू तिला फोनवर एवढंच म्हणाली. मंगळवारी सकाळी दहाला दहा कमी होते. प्रयोगशाळेत नळ्या फिरवणारं यंत्र चालू होतं. ते थांबेपर्यंत ती थांबली, नळ्या थंड कपाटात ठेवल्या, रजेचा अर्ज लिहिला आणि दुपारची बस धरली.

बारक्या तिचा चुलत भाऊ. सहा फूट उंच, पाठ दाराएवढी. जन्मला तेव्हा किडमिडा होता, तेव्हाचं नाव कुणी बदललं नव्हतं. काका वारल्यापासून काकूचं सगळं त्याच्यावर होतं. चार महिन्यांपूर्वी तो खिंडीखालून चाललेल्या बोगद्याच्या कामावर लागला होता.

दोन बस आणि एक जीप बदलून ती बुधवारी दुपारी बोगद्याच्या दवाखान्यात पोचली. दवाखाना म्हणजे पत्र्याची लांबट खोली. दोन खाटा, प्राणवायूची तीन नळकांडी, औषधांचं कपाट आणि कधीच पूर्ण न लागणारं दार. काकू स्टुलावर बसली होती. बारक्याच्या नाकातोंडावर मास्क होता. ती दिसताच त्यानं तो खाली ओढला.

"आलीस का सुईताई? काढ आता किती काढायचं ते. दाट झालंय म्हणतात. सुईतून येतंय का बघ."

"मास्क वर घे," काकू म्हणाली. "विनोद खाली गेल्यावर कर."

सुईताई हे नाव गावानंच दिलेलं. नऊ वर्षांपूर्वी, तीन हिवाळे, ती वरच्या गावात घरोघर जाऊन रक्त गोळा करत होती. गाव तिचंच. शहरात शिकून ती प्रयोगशाळेत लागली होती आणि तिथल्या सरांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. उंचावर हवा विरळ असते. खालचा माणूस वर येऊन राहिला की शरीर घाबरून रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवत जातं, रक्त दाट होतं, हृदयाला ते ढकलवत नाही. वरच्या गावातल्या बहुतेकांचं तसं होत नव्हतं. त्यांचं रक्त पातळच राहायचं. त्यांची मुलंही चांगली वजनदार जन्मायची. खालून लग्न होऊन आलेल्या बायकांची मुलं मात्र अनेकदा हलकी निघायची. काकू अशीच खालच्या खोऱ्यातून आलेली.

सरांनी भिंतीवर नकाशा लावला होता. जसजसे निकाल आले, तसे त्यांनी त्यात रंग भरले. रंग रस्त्यांना जुमानत नव्हते, डोंगराच्या धारेला जुमानत होते. खिंडीपलीकडचं गाव पायी अर्ध्या दिवसावर होतं, पण खिंड वर्षाचे सात महिने बर्फानं बंद. सोयरीक जमायची ती नदीच्या वरच्या अंगाला, आपल्याच उंचीवर. शेकडो पिढ्या तसं चाललं आणि धारेच्या दोन बाजूंना दोन वेगळी रक्तं तयार झाली. वरच्या गावात सुद्धा सगळे सारखे नव्हते. ज्या घरात आई किंवा आजी खालची, तिथं हा बदल कुणात उतरला होता, कुणात नव्हता. चेहऱ्यावरून ते ओळखता येत नसे. नळीतून येई.

"बोगदा झाला की लोक मिसळतील," सर म्हणायचे. "चार पिढ्यांत नकाशा पुसला जाईल. आत्ताच करायला हवं."

गाव तयार नव्हतं. रक्त काय भाजी आहे का द्यायला, असं एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं होतं. तेव्हा काकू उठली. संमतीच्या अर्जावर पहिला अंगठा तिनं दिला. "आमच्या पोरीनं मागितलंय. माझं खालचं पण घे, तुझ्या सरांना चवीला." लोक हसले आणि रांग लागली. अर्जाचं तिसरं कलम सुईताईनं प्रत्येकाला वाचून दाखवलं होतं: हे रक्त श्वासाच्या आजारांच्या अभ्यासासाठीच वापरलं जाईल, आणि कुणाचं काय निघालं हे कुणालाही कळणार नाही.

बोगद्याचा डॉक्टर आत आला. तरुण, पंधरा दिवस दाढी न केलेला. त्यानं बारक्याचं बोट चिमटीत दाबून बघितलं.

"आठ तासांची शिफ्ट, चार महिने, तीही पार आत, खोदाईच्या टोकाला," तो म्हणाला. "रक्त फारच दाटलंय. थोडं काढलंय, उद्या जीपनं खाली नेतो. पण मला कळत नाहीये. हा यादीतला माणूस आहे. यादीतल्यांना असं व्हायला नको."

"कसली यादी?"

"वरच्या गावातल्या लोकांची. ज्यांचं रक्त इथलं आहे ते आठ तास, बाकीचे चार तास आणि मध्ये प्राणवायूच्या खोलीत विश्रांती. तुमच्याच संस्थेकडून आलीय ना."

त्यानं ड्रॉवरमधून कागद काढला. आकड्यांचे दोन छापील रकाने. आकड्यापुढे बरोबरची खूण नाहीतर आडवी रेघ. आणि खूण असलेल्या आकड्यांपुढे पेनानं लिहिलेली नावं आणि वयं. एकोणीस-दोन: बारक्याचं नाव, खूण.

आकडे तिचे होते. नावं लिहिणाऱ्याचं अक्षरही तिला ओळखायला वेळ लागला नाही. साताच्या पोटात आडवी रेघ. ती सवय तिनंच तिच्या धाकट्या भावाला पाटीवर लावली होती.

यादी हातात घेऊनच तिनं बाहेर जाऊन सरांना फोन लावला.

"हो, तक्ता दिला," सर म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. "बोगद्याच्या कंपनीनं अभ्यासाला मदत केलीय, त्यांना निष्कर्ष देणं भाग होतं. नावं दिलेली नाहीत. फक्त आकडे. नियमात बसतं."

"सर, तिसरं कलम."

"श्वासाच्या आजारांसाठी. बोगद्यातल्या माणसाचा श्वास हा श्वासच ना?"

तिनं हातातल्या यादीवरचे आकडे पुन्हा पाहिले.

"हे बघ," सर म्हणाले, "आकड्यांवरून माणूस ओळखता येणार नाही अशी व्यवस्था तूच केली होतीस. तूच मला म्हणाली होतीस की ही कुणालाही सुटणार नाही. मी तुझ्या शब्दावर विसंबलो."

तिनं फोन ठेवला. सरांचं म्हणणं खरं होतं, आणि तेच वाईट होतं.

आकडे तिनं पाण्याच्या पाळीवरून घातले होते. वरच्या गावात एकच झरा, एकसष्ट घरं. कुणी आधी, कुणी नंतर भरायचं हे आजोबांच्या आधीपासून ठरलेलं. सुईताईनं घराला पाळीचा आकडा दिला आणि घरातल्या माणसांना वयानुसार. काकूचं घर विसावं. काकू वीस-एक, बारक्या वीस-दोन. शहरात कुणाला याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. नावांची यादी तिनं काकूच्या चुलीत, काकूदेखत जाळली. यादी लागणारच नव्हती. गाव आणि पाळी तिला पाठ होती. गावातल्या प्रत्येकालाच पाठ होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

आणि बारक्याचा निकालही तिला पाठ होता. वीस-दोन. आडवी रेघ. तो एकोणीसला कसा आला?

आत काकू पदर खोचून उठत होती.

"जाऊन येते तासाभरात. साडेचारला आमची पाळी. एकोणिसावी चुकली की उद्यापर्यंत कोरडं."

"विसावी ना काकू?"

"विसावी होती. लोहार गेला, त्याच्या मागे कुणी नाही, चौथी पाळी बंदच केली. दोन वर्षं झाली. सगळे एकेक वर सरकलो." तिनं बारक्याच्या पायावर पांघरूण ओढलं. "का गं?"

"काही नाही," सुईताई म्हणाली. तिच्या मनात हिशेब सुरू झाला होता. पहिली तीन घरं बरोबर. पुढच्या सत्तावन्न घरांत प्रत्येक माणूस शेजाऱ्याच्या रक्तावर कामाला लागला होता.

हजेरीचं ऑफिस बोगद्याच्या तोंडापाशी होतं. आत शेगडी, मोठं रजिस्टर, शिक्क्यांचं स्टँड, आणि खुर्चीत धाकटा. सव्वीस वर्षांचा. तिला बघून तो उभा राहिला.

"ताई. कळवायचंस तरी. चहा सांगतो."

तिनं यादी टेबलावर ठेवली आणि सातावर बोट ठेवलं. धाकट्यानं एकदा कागदाकडे, एकदा दाराकडे पाहिलं. दार लावून आला.

"नावं कंपनीनं मागितली होती," तो म्हणाला. "आकडे त्यांच्याकडे होतेच."

"आकडे पाळीचे आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

"तू."

"मी?"

"मी बारावीला होतो. वसतिगृहातून सुट्टीला आलो होतो. चुलीपाशी बसून म्हणालीस, शहरातल्या हुशारांना जन्मात कळायचं नाही अशी युक्ती केलीय. मी पण हसलो होतो."

तिला चूल आठवली. हसणं आठवलं.

"तू इथं कामाला लागलास तेव्हा आतच होतास ना? खोदाईत?"

"अकरा दिवस. डोकं असं ठणकायचं की पायात बूट घालता येत नव्हते. त्यांनी तक्ता दाखवला. म्हणाले, नावं लावून दिलीस तर हजेरीची खुर्ची तुझी. मी आधी माझाच आकडा बघितला. पुढे रेघ. मग काय करायचं होतं? आत मरायचं होतं?"

"आणि बारक्या?"

"बारक्यापुढे खूण होती," धाकट्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "ज्यांच्यापुढे खूण त्यांनाच आठ तास लावले. आपल्याच माणसांना काम मिळालं ना त्यातून? वाईट कुणाचं चिंतलं मी? दाटलं त्याचं रक्त, त्याला मी काय करू? तुमचं यंत्र चुकलं असेल."

"यंत्र नाही चुकलं. तू लोहार विसरलास."

"लोहार तर गेला."

"मी रक्त घेतलं तेव्हा लोहार जिवंत होता. चौथी पाळी त्याची होती. तू आत्ताची पाळी लावलीस."

धाकट्यानं टेबलाखाली बोटं मोजायला सुरुवात केली. लहानपणी पाढे चुकले की तो असाच मोजायचा. मोजता मोजता थांबला.

"म्हणजे बारक्याची एकोणीस नाही."

"नाही."

"आणि मी बत्तीस-तीन बघितला. आपली पाळी तेव्हा..." तो खुर्चीत बसला. "तेहेतीस. ताई, तेहेतीस-तीनपुढे काय आहे?"

तक्ता तिथंच दोघांच्या मध्ये पडला होता. त्यानं हात पुढे केला. तिनं त्याआधी कागद उचलला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"सांग ना. मी उगाच घाबरलो का? का खरंच होतं ते?"

"ठरलंय," ती म्हणाली. "कुणाचं काय निघालं, कुणालाही सांगायचं नाही."

"मी भाऊ आहे तुझा."

"हो," ती म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ."

यादीवर बारक्यासारखी एकवीस नावं होती. ती माणसं त्या क्षणी आत खोदत होती. यादी चुकलीय एवढं नुसतं म्हणून भागणार नव्हतं. ते सिद्ध करायला हवं होतं. आणि सिद्ध करायचा सरळ मार्ग म्हणजे खरी यादी देणं. तीन वर्षांचं काम तिच्या डोक्यात होतं. तासाभरात ती लिहून देऊ शकली असती. मग ही एकवीस माणसं बाहेर आली असती आणि दुसरी एकवीस, खऱ्या खुणांची, आत गेली असती. ज्यानं बारक्याला फसवलं तेच तिला स्वतःच्या हातानं, पण बिनचूक करावं लागलं असतं.

गावाकडे चालताना तिला लोहार आठवला. त्या म्हाताऱ्यानं दंड पुढे केला होता आणि परत मागे घेतला होता. "माझी वस्तू नेतेस. पावती?" सगळी रांग हसत होती. तिनं वहीचं पान फाडून लिहून दिलं होतं. अख्ख्या गावात पावती मागणारा तो एकटाच.

काकू दोन हंडे भरून दारात पोचली होती. एकही थेंब सांडलेला नव्हता.

"लोहाराच्या घराची किल्ली तुझ्याकडे ना?"

"का?"

"बारक्याला चुकीच्या यादीवर आत धाडलं. यादी खोटी आहे हे दाखवायला त्याच्या घरातला एक कागद हवाय."

काकूनं हंडा खाली ठेवला. "बारक्याचं रक्त कसलं हे त्यांना कसं कळलं? तू यादी माझ्या चुलीत घातली होतीस. मी फुंकर मारली होती."

"आकड्यांपुढे नावं पुन्हा लिहिली कुणीतरी."

"कुणी?"

काकू उंबऱ्यात उभी होती. तिच्यामागे खुंटीवर बारक्याचा कामाचा जाड कोट होता.

"धाकट्यानं."

काकूनं वळून बारक्याच्या कोटाकडे पाहिलं. धाकटा तिच्या अंगाखांद्यावर वाढला होता. दोघा मुलांना ती एकाच ताटात भरवायची.

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

"मी," सुईताई म्हणाली. "बोलता बोलता."

काकूनं कमरेचा जुडगा सोडला आणि त्यातली किल्ली उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही.

लोहाराचं घर थंड होतं. भात्याचं चामडं तडकलेलं. पावती ऐरणीच्या मागे भिंतीवर, घोड्याच्या नालेच्या खिळ्याला टोचलेली सापडली. काजळी धरली होती, अक्षर दिसत होतं: चार-एक. वय एकाहत्तर. एक नळी रक्त मिळाले. खाली तारीख आणि तिची सही.

डॉक्टरनं ती उजेडात धरून दोनदा वाचली. मग तिनं परत आणलेली यादी उघडली. चार-एकपुढे खूण होती आणि एका गवंड्याचं नाव होतं, वय अठ्ठावीस.

"हा लोहार कुठाय?"

"दोन वर्षांपूर्वी वारला. मागे कुणी नाही, त्यामुळे याचा निकाल उघडा करण्यात कुणाचं नुकसान नाही. यादीत मेलेल्या माणसाच्या रक्तावर जिवंत माणूस काम करतोय. चौथ्या घरापासून सगळे एकेक सरकलेत."

डॉक्टरनं डोळे चोळले. "एक चूक सापडली की सगळी यादी गेली. हे मी लिहून देऊ शकतो. पण मग बरोबर यादी?"

"माझ्याकडे आहे."

"देणार?"

"नाही."

"कंपनी मागेल."

"मागू दे. शिवाय बरोबर यादीनं तरी काय होणार? रक्त चांगलं म्हणजे माणूस लोखंडाचा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. धूळ सगळ्यांच्या छातीत सारखीच जाते."

त्यानं पेन उचललं. मग त्यानं लिहिलं: यादी अविश्वसनीय, वापर थांबवावा, पुढील आदेशापर्यंत सर्वांना चार तास. संध्याकाळी सहाला एकवीस माणसं बाहेर आली. का ते त्यांना दोन दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा धाकट्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता आणि धाकटा गावात शिरायला तयार नव्हता. कुंपणानंच शेत खाल्लं, असं लोक म्हणत होते. कुंपण म्हणजे कोण, हे ज्याचं त्यानं ठरवलं होतं. काहींच्या मते धाकटा. बऱ्याच जणांच्या मते ती.

बारक्या वाचला. पण खालच्या दवाखान्यातून निरोप आला की आता त्यानं वर यायचं नाही, कायमचं. तो खालच्या खोऱ्यात मामाच्या घरी राहील.

"मी खालून वर आले," काकू म्हणाली. "तो वरून खाली गेला. फिटलं."

पुढच्या आठवड्यात सुईताईनं संस्थेतून अर्ज आणले. नियम असा होता की रक्त देणाऱ्याला ते केव्हाही परत घेता येतं. नळी आणि तिच्यातून निघालेली सगळी माहिती नष्ट करावी लागते. सरांनी फोनवर सांगितलं की एवढं काम पुन्हा होणार नाही, खिंडीखालून वर्षभरात रस्ता सुरू होईल, नकाशा जाईल. ती म्हणाली, जाऊ दे.

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं. शाईचं तेच पॅड. लोक आले, पण कुणी हसत नव्हतं, आणि तिच्याशी कुणी बोलायला थांबलंही नाही. सगळे पाळीनं उभे होते, आत्ताच्या. काकूला एकोणिसावं उभं राहायला हवं होतं. ती सरळ पुढे आली.

"पहिला अंगठा माझा होता."

सुईताईनं अर्ज भरला, वाचून दाखवला, तिसरं कलम, सगळं नष्ट करण्याचं, दोनदा वाचलं. मग सवयीनं काकूचा अंगठा धरायला हात पुढे केला. नऊ वर्षांपूर्वी असाच धरला होता. काकूनं हात मागे घेतला. स्वतःच अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, उचलून ठसा नीट उठलाय का ते बघितलं आणि बोट पदराला पुसलं.

ती निघाली असं वाटलं. पण ती टेबलापाशीच उभी होती.

"पावती दे," काकू म्हणाली.

सुईताईनं वहीचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं: वीस-एक.